सात वाडगे घेऊ नका, एकच नीट वाजवा

पत्र: माझं वय ४७. नाशिकला सहकारी बँकेत नोकरी करते. दिवाळीनंतर वडील गेले. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. डॉक्टरांनी झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५ ही गोळी दिली, ती चार महिने घेतेय. मैत्रिणीच्या आग्रहाने एका साउंड बाथला, म्हणजे आडवं पडून धातूच्या वाडग्यांचा नाद ऐकायच्या बैठकीला, गेले. आडवं पडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच रडू फुटलं आणि थांबेना. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘अनाहत चक्र मोकळं होतंय, आता सात वाडग्यांचा सप्तधातूचा संच घ्या’. किंमत ४५ हजार. मात्र त्या रात्री मी सलग सहा तास झोपले. म्हणून ऑनलाइन एक छोटा सिंगिंग बाउल, म्हणजे काठीने वाजवायचा तसला वाडगा, मागवला. काठावरून काठी फिरवली की तो खडखडतो, नाहीतर कर्कश ओरडतो. यजमानांच्या कानात कारखान्यातल्या नोकरीपासून सतत शिट्टी वाजते. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांना पेसमेकर आहे, आणि त्यांनाही हे करून बघायचंय. संच घ्यावा का? गोळी सोडता येईल का? – स., नाशिक

सप्रेम नमस्कार, ताई.

संच घेऊ नका. गोळी स्वतःहून सोडू नका. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकतो, कारण तुमच्या पत्रात पैसे आणि तब्येत दोन्ही पणाला लागलेत ते इथेच. बाकीचं निवांत बोलू.

तुमच्या हातात आहे त्या वाडग्यापासूनच सुरुवात करू. काठावरून काठी फिरवून गुंजन काढणं दिसायला सुंदर असतं, व्हिडिओत सगळे तेच दाखवतात आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. खरं तर ती नंतरची पायरी. शांत होण्यासाठी लागतो तो टोला. मऊ टोला दिला की काठ एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने किंचित लंबगोल होतो. त्यातले चार बिंदू जवळपास स्थिर राहतात आणि त्यांच्या मधले चार सगळ्यात जास्त हलतात. हाताने ठोकलेला वाडगा कधीच अचूक गोल नसतो. त्यामुळे एकाच सुराच्या जागी अगदी जवळजवळचे दोन सूर निघतात. एक २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपांचा, आणि दुसरा २०१.५ चा असला, तर सेकंदाला दीड वेळा आवाज मोठा-लहान होतो. ‘व्हाँव… व्हाँव…’ असा जो हेलकावा ऐकू येतो तो हाच. कान त्या हेलकाव्याच्या मागे जातो आणि आवाज विरत जाईल तसा श्वासही लांबतो. साउंड बाथच्या गुणाचा मोठा भाग इतकाच आहे, आणि तो कमी नाही.

काठी फिरवताना मात्र वेगळंच काम चालतं. काठी काठाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. ओल्या बोटाने काचेच्या ग्लासाचा काठ घासल्यावर आवाज येतो, तसंच. तुमचा वाडगा खडखडतो याचं नेहमीचं कारण घाई. काठी भराभर फिरवली की काठाचे कंप वाढत जातात आणि काठ काठीलाच बाहेर ढकलतो. मग काठी उडते, आपटते, पुन्हा उडते. उपाय उलटा वाटेल, पण वेग कमी करायचा आणि दाब वाढवायचा. छोट्या वाडग्याला एक फेरी साधारण दोन सेकंदांत, मोठ्याला तीन-चार सेकंदांत पुरे होते. काठी पेनासारखी धरू नका. मूठ करून उभी धरा, वरचं टोक किंचित बाहेर झुकवा आणि मनगट न वळवता अख्खा हात फिरवा. आधी हलका टोला द्यायचा, आवाज चालू असतानाच काठी काठाला टेकवायची. थंड वाडग्याला शून्यापासून घासत बसलं तर वेळ लागतो आणि हात घाई करू लागतो. सूर भरला की काठी उचला. फिरवतच राहिलात तर खडखड ठरलेली.

कर्कश ओरडण्याची कारणं वेगळी. लाकडाची उघडी, टणक काठी वरचे सूर जास्त उठवते. त्याच काठीला साबर किंवा मऊ चामड्याची पट्टी गुंडाळली की खालचा, भरदार सूर पुढे येतो. चार इंची वाडग्याचा सूर मुळातच उंच असतो, त्यामुळे तो खर्जात बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणखी दोन गोष्टी तपासा. वाडगा धरताना बोटं त्याच्या अंगाला लागतात का? बोट लागलं की आवाज मेला. सपाट तळहातावर ठेवा, बोटं बाहेरच्या बाजूला पसरलेली. आणि काठावर तेलाचा हात लागलाय का? तेलकट काठावर काठी घसरते, चिकटत नाही, म्हणून सूरच उठत नाही. कोरड्या सुती फडक्याने काठ आणि काठी दोन्ही पुसून घ्या.

एवढं करूनही जमलं नाही तर दोष वाडग्यात असू शकतो. बाजारात ‘तिबेटन’ म्हणून मिळणारे कित्येक छोटे वाडगे ओतीव पितळेचे, यंत्रावर कातलेले असतात. जे चांगले ते काशाचे: तांबं चार भाग आणि कथील एक भाग, असं साधारण प्रमाण. लाल तापवून ठोकायचे, मग पाण्यात विझवायचे. नेपाळमध्ये पाटणच्या परिसरात हे काम आजही हाताने चालतं. परीक्षा सोपी आहे. वाडगा चुंबळीवर ठेवा, मऊ टोला द्या आणि घड्याळ बघा. हातभर अंतरावरून चार-पाच इंची वाडगा वीसेक सेकंद आणि सात-आठ इंची निदान पाऊण मिनिट ऐकू यायला हवा. टोल्याबरोबर ‘झर्र’ असा फाटका आवाज आला आणि लगेच मेला, तर कुठेतरी तडा आहे. उजेडात काठाजवळ नखाने चाचपून बघा. काशाचं भांडं फरशीवर पडलं की तडकतं हे आपल्याकडच्या जुन्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. वाडग्याचंही तसंच. ऑनलाइन मागवलेला वाडगा परत करायची मुदत संपायच्या आत ही परीक्षा करून घ्या.

आता त्या ४५ हजारांच्या संचाबद्दल. सप्तधातूत सोनं, चांदी, पारा, तांबं, लोखंड, कथील, शिसं अशी नावं सांगतात. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळून उडून जातो आणि तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. त्या भट्टीत पारा कसा टिकणार, हा प्रश्न विक्रेत्याला विचारून बघा. वाडग्यांच्या धातूची तपासणी झाली तिथे मुख्यतः तांबं आणि कथीलच निघालं, बाकी अंशमात्र. दुसरं म्हणजे एकेका चक्राला एकेक वाडगा सांगतात, पण सात चक्रं आणि सात पाश्चात्य सूर ही जोडणी आधुनिक काळातली आहे. सोळाव्या शतकातल्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथात चक्रांना लं, वं, रं, यं, हं ही बीजाक्षरं सांगितली आहेत, अमुक चक्राला अमुक हर्ट्झ असं तिथे काही नाही. हाताने ठोकलेला वाडगा ठरवून एका सुरात बसवणंही अवघड. बहुतेक वेळा आधी वाडगा तयार होतो, मग सूर मोजून त्यावर चक्राची चिठ्ठी लावतात. श्रद्धेने कोणी बीजमंत्र म्हणत असेल तर जरूर म्हणावा, त्याला संचाची गरज नाही. वाडगा घ्यायचाच असेल तर सात-आठ इंची एकच घ्या, वजनावर भाव करून, आणि शक्यतो दुकानात वाजवून.

रोजची बैठक अशी ठेवा. झोपायच्या तासभर आधी, जेवून निदान दोन तास झालेले, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जुन्या सुती साडीची चुंबळ करा आणि तिच्यावर वाडगा ठेवा. चुंबळ फक्त तळाच्या मध्याला टेकावी, पसरट झाली तर अंगाला लागून आवाज गिळते. तुम्ही मांडी घालून किंवा खुर्चीत पाठ टेकून बसा. वाडगा समोर, हातभर अंतरावर. टोल्यासाठी फेल्टचं बोंडूक असलेली काठी हवी. नसेल तर लाकडी काठीच्या टोकाला लोकरीचं कापड तीन-चार पदरी गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधा. टोला काठावर नाही, काठाच्या बोटभर खाली, बाहेरून, आणि आपटून नाही तर दार हळूच वाजवावं इतक्या जोराने. काठी टेकताच मागे घ्यायची.

टोला दिला की नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात, तेवढे पुरे. सहाने दम लागत असेल तर तीन-चार करा, श्वास ताणून धरायचा नाही. आवाज अगदी विरेपर्यंत कान तिथेच ठेवा. विरला की आणखी एक श्वास शांततेत, मग पुढचा टोला. पाऊण मिनिटाला एक टोला धरला तर बारा मिनिटांत सोळा टोले होतात. त्यानंतरची शेवटची तीन मिनिटं काहीही वाजवू नका, त्या शांततेतच शरीर खरं सैल होतं आणि घाईची माणसं नेमकी तीच मिनिटं गाळतात. मध्ये मन बँकेत जाईल, वडिलांकडे जाईल, उद्याच्या डब्यावर जाईल. पुढच्या टोल्याला परत आणा, चिडू नका. पहिला आठवडा कंटाळवाणा जातो. चौदा दिवस करा आणि वहीत रोज एकच ओळ लिहा: किती वाजता झोप लागली, कितीदा जाग आली. रात्री दोनला जाग आली तर मात्र उठून वाडगा वाजवत बसू नका, घर जागं होईल. पडल्यापडल्या तोच चार-सहाचा श्वास चालू ठेवा.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालेल का, असं बरेच जण विचारतात. मोठ्या वाडग्याचा मूळ सूर शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तो नीट देऊच शकत नाही. ऐकू येतात ते फक्त वरचे, टोचणारे सूर. हेडफोनवर बरं वाटतं, पण आवाज कमी ठेवा आणि कानात घालून झोपू नका.

हे कितपत सिद्ध झालंय? २०१७ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी ६२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साउंड बाथनंतर ताण, राग, थकवा आणि खिन्नता कमी झाल्याचं लोकांनी नोंदवलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तासभर नुसतं शांत पडून राहिलं असतं तर किती फरक पडला असता, हे त्यातून कळत नाही. २०२० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा निकषात बसणारे जेमतेम चार सापडले, आणि तेवढ्यावर उपचार म्हणून शिफारस करता येत नाही असा निष्कर्ष निघाला. म्हणजे विश्रांतीसाठी जरूर वापरा. पण थायरॉइड, साखर, डीएनए दुरुस्त करणारे ५२८ हर्ट्झ असं काही कोणी सांगू लागलं, की पर्स मिटून घ्या.

रडण्याबद्दल. ते अजिबात विचित्र नव्हतं. वडील गेल्यावर तेरा दिवस माणसांची ये-जा, मग कागदपत्रं, मग बँकेतला मार्च अखेर. कोणी काही मागत नाही अशा अंधाऱ्या खोलीत तुम्ही बहुधा पहिल्यांदाच आडव्या झालात. अंग सैल झालं, श्वास खोल गेला, आणि अडवून धरलेलं रडू वर आलं. त्याला चक्राची गरज नाही. पुढच्या वेळी असं झालं तर दोन पर्याय आहेत: रडू द्या, किंवा डोळे उघडा, कुशीवर वळा, उठून बसा, तळपाय जमिनीला टेकवा, पाणी प्या आणि वाटलं तर बाहेर या. चांगला शिक्षक हे सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या बाईंनी ते सांगायचं सोडून रडण्याच्या मागोमाग विक्री मांडली, हे आम्हाला बिलकूल रुचलं नाही. शोकात असलेल्या माणसाला त्याच बैठकीत काही विकू नये.

पुन्हा कुठे जायचं असेल तर आधी फोन करून विचारा: मोठा गाँग (टांगून वाजवायची धातूची मोठी थाळी) वाजवणार का, वाडगा अंगावर ठेवणार का आणि त्याआधी परवानगी घेणार का, तब्येतीची माहिती विचारतात का, मध्येच उठून जाता येतं का. गाँगपासून लांबची जागा घ्या, आणि शाल न्या, पडून राहिल्यावर अंग थंड पडतं. अपस्मार असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, आवाजाने अर्धशिशी उठत असेल किंवा मनाचा जुना आघात असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. गरोदर बाईच्या पोटावर वाडगा ठेवू नये.

यजमानांसाठी आवाजाचं गणित महत्त्वाचं. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कानाची मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जवळून जोरात वाजवलेला गाँग तिथवर पोचू शकतो. क्रिस्टलचे वाडगेही बंद खोलीत फार चढतात. ज्यांच्या कानात आधीच शिट्टी आहे त्यांनी या दोन्हींपासून दूर राहावं. घरी तुमचा वाडगा वाजत असताना ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले तर हरकत नाही. त्यांच्या कानापाशी आवाज साध्या बोलण्याइतकाच, ६० डेसिबलच्या आसपास असावा, मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने अंदाज येतो. काठी घासून काढलेला सूर त्यांच्यासमोर नको, तो शिट्टीला टोचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी नेहमीपेक्षा मोठी वाटली तर बंद करा. कारखान्यातली नोकरी झालीय म्हणताय, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतलीत का? नसेल तर ती आधी.

गोळीबद्दल सविस्तर सांगायला हवं. क्लोनाझेपाम चार महिने रोज घेतल्यावर शरीराला तिची सवय होते. अचानक थांबवली तर झोप पूर्वीपेक्षा जास्त बिघडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, क्वचित झटकेही येतात. आणि मग वाटतं की वाडग्याचा उपयोग झाला नाही. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडे चौदा दिवसांची वही घेऊन जा आणि स्पष्ट विचारा, ‘ही टप्प्याटप्प्याने कमी करायची आहे, कशी करू?’ निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची गोळीविना उपचारपद्धती आहे. झोपेच्या वेळा आणि सवयी आठवड्या-आठवड्याने बदलत नेतात. जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून जगभर तिचीच शिफारस होते. तिच्याबद्दलही विचारा. वाडगा तिच्या जोडीला चालेल, जागी नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस रोज रडू येत असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. जगणं नको असं एकदा जरी वाटलं तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिल्या सासूबाई. त्या खोलीत बसून ऐकत असतील तर काळजीचं कारण नाही. वाडगा त्यांच्या छातीवर, खांद्यावर किंवा पाठीवर मात्र ठेवायचा नाही. बऱ्याच पेसमेकरांमध्ये शरीराची हालचाल ओळखणारा भाग असतो. माणूस चालू लागला की तो ठोके वाढवतो. अंगावरच्या कंपालाही तो हालचाल समजू शकतो. अंगाला स्पर्श होईल असंच काही हवं असेल तर घरातली काशाची वाटी बाहेर काढा. धातू तोच, कंप नाही. तळव्याला चमचाभर साजूक तूप लावा आणि वाटीच्या बुडाने टाचेकडून बोटांकडे हलक्या हाताने पाच-सात मिनिटं घासा, मग दुसरा पाय. तळवा काळा पडतो, ती अंगातली उष्णता बाहेर आली असं सांगतात. प्रत्यक्षात तो तुपात उतरलेला धातूचा अंश असतो, घाबरू नका. त्यांना मधुमेह असेल तर घासण्याआधी तळव्यावर जखम किंवा बधिरपणा नाही ना ते बघा. आणि घासून झालं की आधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने, मग कोरड्या टॉवेलने तळवे आणि बोटांच्या बेचक्या पुसूनच त्यांना उठू द्या. तुपाच्या पायाने फरशीवर घसरणं ७४ व्या वर्षी परवडणारं नाही.